पोटदुखी

शिवणकारखान्यातली शिफ्ट अर्ध्यावर सोडून सून आज तिसऱ्यांदा दवाखान्यात आली होती. दोन महिने तिला स्टुलावर धड बसवत नव्हतं. कॉलर जोडता जोडता ती सारखी चुळबुळ करायची आणि शेजारच्या मशीनवरच्या बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या. खाली जीव नकोसा करणारी खाज, लघवीला जळजळ आणि दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं जाणं.

पण तिच्या सासरी बायकांना मानेखाली एकच अवयव होता, तो म्हणजे पोट. पाळी आली की पोट, दिवस राहिले तरी पोट. त्यामुळे सासूबाईंनी आधीच्या दोन्ही वेळा डॉक्टरांना पोटच सांगितलं, सुनेनेही मान डोलावली आणि डॉक्टरांनी दोन्ही वेळा अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. प्रत्येक वेळी खाज दुप्पट झाली.

“हे कुठून आणलंस?” नवऱ्याने एकदाच विचारलं आणि अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. आज तर इथूनच तिला माहेरी सोडायचं त्याने ठरवलं होतं. तो बाहेर बाकावर बसला होता.

नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या जागी एक डॉक्टरीणबाई होत्या.

“पोट दुखतंय हिचं,” सासूबाई म्हणाल्या. “मागच्याच गोळ्या द्या.”

बाईंनी पेन उचललं. सुनेला ते बघवेना. लाजायलासुद्धा अंगात त्राण लागतं, ते आता तिच्यात उरलं नव्हतं.

“पोट नाही, डॉक्टर. खाली खाज येते. आतून.”

“अगं, काय बोलतेस,” सासूबाई पुटपुटल्या.

“वास येतो? ताप, ओटीपोटात दुखणं? दिवस वगैरे गेलेत का?”

“नाही. नुसतं पांढरं जातं, घट्ट.”

बाईंनी पडद्यामागे नेऊन तपासलं, रक्तातली साखर बघायला चिठ्ठी दिली. “बुरशी झालीय. बहुतेक बायकांना कधी ना कधी होते, कुणाकडून आणावी लागत नाही. त्या गोळ्यांनी अंगातले चांगले जंतू मेले आणि बुरशीला रान मोकळं मिळालं. ही गोळी रोज रात्री एक, अशी सहा दिवस आत ठेवायची, वरून मलम लावायचं. तिथे साबण, जंतुनाशक काही नको. कपडे सुती वापरा. आठवड्यात उतार पडला नाही किंवा परत झालं, तर लगेच या.”

बाहेर येताच नवरा उठला. “काय म्हणाल्या?”

“पोटाचंच आहे रे,” सासूबाई सवयीने म्हणाल्या.

“नाही,” सून म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. “योनीत बुरशी झालीय. ती कुणाकडून आणलेली नाही. दोन महिने मी खोटं सांगितलं आणि तुम्ही नको ते मनात धरलंत. माहेरी सोडायचं तर सोडा, पण तिथे कारण खरं सांगा.”

बाकावरच्या बायका तिच्याकडे बघत राहिल्या. कुणी हसलं नाही. नवऱ्याची मान खाली गेली. “घरी चल,” तो म्हणाला.

सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. गेली बावीस वर्षं त्यांचंही पोट दुखत होतं, आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

“तू हो पुढे,” त्या मुलाला म्हणाल्या. मग त्यांनी सुनेचा दंड धरला. “तू थांब. माझ्याबरोबर आत चल. तो शब्द माझ्या तोंडून नाही निघायचा.”