हसत हसत ऐका, मावशी

माझ्या भाचीला आम्ही चिमी म्हणतो. खरं नाव चांगलं ऐसपैस आहे, पण घरात तेवढा वेळ कुणाला आहे? परदेशात येऊन तिने भाषेचा कोर्स केला, तोही माझ्याच खोलीत राहून. आता पुढे कॉलेज. सरकारी कॉलेजात अर्ज टाकला होता, पण त्यांचं उत्तर काही येईना. सरकारी ते सरकारीच, कुठल्याही देशात जा. आणि इकडे चिमीचा राहण्याचा परवाना महिनाअखेरीस संपत होता. तोवर कुठल्यातरी कॉलेजात नाव लागलं नाही, तर बोचकं बांधून परत. परत म्हणजे कायमचीच. तिला पुन्हा पाठवायची माझ्या बहिणीची ऐपत नाही.

त्यात एका खासगी कॉलेजाचा फोन आला. आजच्या आज या, जागा पक्की करतो, उद्याचं सांगता येत नाही.

"मावशी, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं?" चिमी म्हणाली. म्हण मीच शिकवलेली, उलटून माझ्याच अंगावर आली. मी दुकानातून अर्धी सुट्टी घेतली. कपडे अल्टर करायच्या दुकानात कामाला आहे मी. दिवसभर लोकांच्या विजारी आखूड करते.

कॉलेज होतं गाद्यांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर. दुरून डोंगर साजरे म्हणतात, इथे जवळ गेल्यावर डोंगरच नव्हता, नुसता जिना. मी चिमीकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. ठरवून आली होती बया.

आत एक कोटवाले साहेब होते. इतकं गोड बोलणं की कानाला मुंग्या लागतील. कोट नवा, पण मागच्या चिरेवरचा कच्चा टाका तसाच राहिलेला. तो उसवून मग कोट घालायचा असतो, हे या बाबाला कुणी सांगितलंच नव्हतं. मला हसू आलं. त्या दिवशी मनापासून हसले ती तेवढीच.

साहेबांनी चिमीची फाइल मागितली. शाळेपासूनची सगळी सर्टिफिकेटं, ओरिजिनल. "तपासून देतो," म्हणाले आणि फाइल लोखंडी कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. कोपऱ्यात पाण्याच्या मशिनजवळ एक टकला माणूस बसला होता. त्याने आम्हाला पाणी दिलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"कॉलेज बघून घ्या," साहेब म्हणाले. "दाखवायला तुमच्याच भाषेतली मुलगी देतो."

आणि खरंच, लांब वेणीची एक पोरगी हसत आली. "या मावशी!" म्हणाली. काय सांगू, परक्या मुलखात कुणी असं मावशी म्हटलं की निम्मा जीव तिथेच विरघळतो.

ती पुढे, आम्ही दोघी मध्ये, साहेब मागे आणि त्यांच्या मागे पाण्याचा ट्रे घेऊन टकला. एका दारापाशी तिने हात करून दाखवलं. "ही कंप्युटरची खोली," ती म्हणाली. मग त्याच सुरात, तसेच सगळे दात दाखवत म्हणाली, "मावशी, हसत हसत ऐका. साहेबांना मराठी कळत नाही. हिला इथे ठेवू नका."

माझं तोंड उघडंच राहिलं.

"हसा ना मावशी! हं, असं. ओरिजिनल कागद दिलेत का?"

"दिले," चिमी म्हणाली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण ओठ मात्र फाकलेले.

"अरे देवा. आता खिडकीतून बघा, छान छान म्हणा. माझेही असेच घेतले. मी नाव घातलं आणि मागोमाग सरकारी कॉलेजाचा होकार आला. मी कागद मागितले, तर म्हणतात पूर्ण कोर्सची फी भर, मग ने. कागदाशिवाय सरकारीवाले घेत नाहीत आणि इथून नाव काढलं तर माझा परवाना रद्द. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नव्या मुली मीच आणायच्या, हसून. नाही आणल्या तर परवान्याची धमकी."

"छान, छान," मी म्हणाले. गालफडं दुखायला लागली होती.

"फाइल बाहेर कशी काढायची?" चिमीने विचारलं.

"मावशी, हिच्यावर ओरडा. जोरात. बाकीचं मी बघते."

ओरडायचं काय, ते मला शिकवावं लागत नाही. "बापाला न विचारता नाव घालतेस? शेफारलीस का गं? कुणी दिली ही अक्कल?" चिमी रडायला लागली. ते रडू खोटं नव्हतं. साहेब गडबडले. वेणीवालीने त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं की मुलीच्या वडिलांना आधी मोबाइलवर कागद बघायचे आहेत, मग ते वर्षाची फी एकरकमी भरणार आहेत.

एकरकमी म्हटल्यावर साहेबांनी स्वतः कपाट उघडलं. "बाहेर जिन्यापाशी रेंज चांगली येते," वेणीवाली म्हणाली आणि हसली. तिच्या कपाळावर घाम होता.

आम्ही फाइल घेऊन जिन्याशी आलो. टकला तिथे उभा होता, हातात रिकामा ट्रे. आम्हाला वाट करून देत तो शांतपणे, स्वच्छ मराठीत म्हणाला, "जपून उतरा, मावशी. खालची पायरी फुटलीय."

मग तो आत गेला. साहेबांच्या खोलीकडे.

खाली कशी आले ते मला आठवत नाही. रस्त्यावर चिमी फाइल पोटाशी धरून उभी होती. "मावशी, चल ना! बस आली."

सांगते, मी शूर बाई नाही. वरच्या मजल्यावर मांजर पडलं तरी मी दिवा लावून बसते. माझी पाचावर धारण बसली होती आणि बसचं दार समोर उघडं होतं. पण त्या पोरीने आमच्यासाठी तोंड उघडलं होतं आणि तिचा शब्दन् शब्द त्या माणसाने ऐकला होता. तिला ते ठाऊकही नव्हतं. आम्हाला त्याने का सोडलं देव जाणे, पण तिला सोडणार नव्हता.

"तू जा," मी म्हणाले. "सरकारी कॉलेजात जा, कागद दाखव, उत्तर मिळाल्याशिवाय उठू नकोस. तिथून मला फोन कर. मी उचलला नाही, तर सरळ पोलिसांत जा."

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर? परत जावं लागेल मावशी!"

"तर परत जाशील. स्वतःचे कागद घेऊन जाशील."

तिला बसमध्ये ढकललं आणि मी जिना चढले. शेवटच्या मजल्यावर कठड्याला धरून उभी राहिले. वाटलं, फिरावं मागे. कोण लागते ती माझी?

आत वेणीवाली भिंतीशी उभी होती. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. साहेब खुर्चीत, टकला त्यांच्या कानाशी.

"हिचे कागद काढा," मी मराठीतच म्हणाले.

साहेबांनी सवयीने तिच्याकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

"तिला कशाला विचारता?" मी टकल्याकडे बोट केलं. "हा सांगेल की. ह्याला सगळं कळतं."

टकला माझ्याकडे बघत राहिला. मग सावकाश सरळ झाला, दारापाशी गेला आणि त्याने आतून कडी घातली.

"कशाला आलात हो मावशी," ती पोरगी पुटपुटली. भीतीच्या मारे ती पुन्हा हसायला लागली होती, तसेच सगळे दात दाखवत.

मी तिचा हात धरला. थंडगार होता. माझाही काही वेगळा नव्हता.

"आता हसू नकोस, बाळा. तुझे कागद घेऊनच उठायचं," मी म्हणाले. मग एक खुर्ची ओढली आणि त्या कपाटासमोर जाऊन बसले.