कोंबडीच्या झाकणाखाली

बावीस वर्षांत तपासनीस बाईंनी पक्ष्यांच्या पोटातले पट्टकृमी, म्हणजे चपटे जंत, पाहताना कधी हातमोजे घातले नव्हते. बदकातला वेगळा, कबुतरातला वेगळा, एकट्या कोंबडीत तर कितीतरी तऱ्हा. पण त्यातला एकही माणसाच्या वाटेला जात नाही, हे त्यांना पाठ होतं. मोजे लागत ते कुत्र्या-कोल्ह्यांच्या बरणीला, आणि ती बरणी आतली अंडी मरावीत म्हणून आधी दहा दिवस डीप फ्रीजरमध्ये राहूनच टेबलावर येई.

दुपारी तीनला बरण्या सांभाळणारे काका दारात येऊन उभे राहिले.

"ताई, रागावणार नसाल तर एक सांगतो."

"म्हणजे रागावण्यासारखंच आहे."

"बरण्यांची नावं झाकणांवरच, आणि सकाळी मी दोन झाकणं धुतली. एक कोंबडीचं, एक कुत्र्याचं. परत लावली ती... अंदाजाने."

"चहा-साखरेचे डबे वाटले का हो हे?"

"तुमच्याकडची कोंबडीचीच असेल. दुसरी फ्रीजरमध्ये आहे."

सकाळपासून बाई त्याच बरणीतले जंत उघड्या बोटांनी हाताळत होत्या. एक वाजता लेक भेटायला आली होती. तिला सहावा महिना. बाईंनी जंतांची बशी बाजूला सारली, बोटं नळाखाली नुसती ओली केली, संत्रं सोललं आणि फोडी स्वतः तिच्या तोंडात घातल्या. कुत्र्याच्या आतड्यातल्या एका जंताची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. पोटात गेली, तर यकृतात पाण्याची गाठ धरते आणि वर्षानुवर्षं कुठे म्हणून दुखत नाही.

त्यांनी मोजे चढवले आणि जंत भिंगाखाली धरला. तिळाहून जेमतेम मोठा, तीन पेरी. एवढ्यावर निकाल लागेना. कोंबडीतही असला एक बुटका असतो, आणि कोवळा असला तर त्याचीही पेरी मोजकीच. खूण एकच. कोंबडीतल्याच्या चूषकांच्या, म्हणजे आतड्याला चिकटायच्या वाट्यांच्या, काठाला हुकासारखे बारीक काटे असतात.

काठ गुळगुळीत होता.

"चुकून झडले असतील," काका मागून म्हणाले.

बाईंनी दुसरा जंत घेतला. काठ गुळगुळीत. तिसराही तसाच. त्याचं शेवटचं पेर निम्म्या अंगाएवढं, अंड्यांनी गच्च भरलेलं, आणि एका बाजूने फाटलेलं.

काकांचा चेहरा उतरला. "ताई, कुणाला कळायचं नाही. असलं काही दिसायला दहा-दहा वर्षं जातात."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. फोन लावताना दोनदा आकडा चुकला.

"काय गं आई? संत्र्याची साल राहिली का माझ्याकडे?"

"खुर्ची आहे जवळ? बस आधी."

मग बाईंनी झाकणापासून सगळं सांगितलं. मोजे घातले नव्हते, हेही.

"आणि बाळाला?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांकडे आत्ताच जायचंय. तू निघू नकोस, मी येते."