शेवंतीच्या पेल्यातला गुलाबी घोट

मित्रांनो, स्टीलला सुरकुत्या पडत नाहीत, म्हणून माझे वय तुम्हाला चेहऱ्यावरून कळणार नाही. पण मी जुना पेला आहे. माझ्या काठाशी एक पोचा आहे आणि पोटावर सुईने टिंब टिंब करून कोरलेली अक्षरे आहेत: ‘चि. शेवंतीस, सीताराममामाकडून’. भुलेश्वरच्या दुकानात ती सुई फिरत होती तेव्हा माझे सगळे अंग थरथरत होते. त्या थरथरीतूनच मला कळले, की यापुढे मी कोणाचा तरी आहे.

शेवंतीच्या लग्नानंतर मी वरळीच्या बीडीडी चाळीतल्या, दुसऱ्या माळ्यावरच्या एका खोलीत आलो. तिचा नवरा निलेश रे रोडला लाकडाच्या वखारीत कामाला होता. तो घरी आला की त्याच्या अंगाला सागाच्या भुशाचा वास असे, आणि तो एका दमात मला रिकामा करी. पाहुणे आले की शेवंती सहा पेल्यांतून मलाच पुढे करीत असे. ते माझ्या मानाचे दिवस होते.

मग निलेश सुकत गेला. आधी खोकला, मग ताप, आणि मग खुंटीवर नुसता सदरा उरला. त्याच्यामागून शेवंतीचे रक्त तपासले गेले आणि एचआयव्ही हा शब्द आमच्या खोलीत राहायला आला. तो आत कसा आला, यावर त्या घरात कोणी बोलले नाही. मीही बोलणार नाही. सात वर्षांच्या मेघनाच्या, म्हणजे तिच्या मुलीच्या, रक्तात मात्र काही सापडले नाही.

त्याच आठवड्यात शेवंतीच्या सासूने, रमाबाईंनी, मला फळीवरून उचलून मोरीच्या कट्ट्यावर ठेवले. हा हिचा, दुसऱ्या कोणी याला तोंड लावायचे नाही, असे त्यांनी सांगितले. मित्रांनो, उष्ट्या पाण्याने हा आजार होत नाही. पण हे सांगणारे त्या खोलीत कोणी नव्हते, आणि मला जीभ नव्हती. मेघना शाळेतून आली की मुद्दाम मोरीकडे जाई आणि माझ्यातूनच पाणी पिई. त्यासाठी तिने मारही खाल्ला. पुढे रमाबाई गावी निघून गेल्या. खोलीत मायलेकी उरल्या, आणि मी.

शेवंतीला एका सरकारी केंद्रातून गोळ्या मिळू लागल्या. या गोळ्या विषाणूला मारत नाहीत. त्या त्याला निजवून ठेवतात. रक्तात औषध पुरेसे असेल तोवरच तो निजतो. शेवंतीला हे इतके पक्के समजले होते, की घरात एखादे दिवशी चूल पेटली नाही, पण गोळी चुकली नाही. वर्षामागून वर्षे अहवाल येत गेले, की विषाणू मोजण्याइतकाही उरलेला नाही. ती परळच्या एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायला जाऊ लागली. तिथे कोणाला काही ठाऊक नव्हते. गोळ्यांची बाटली ती रव्याच्या डब्यात खोल पुरून ठेवी.

तीन वर्षांपूर्वी औषध बदलले. दिवसाला एकच, नवी, चांगली गोळी. सकाळी सहाला, कामावर निघण्याआधी, उपाशीपोटी ती घेऊन टाकी. तापलेल्या तव्यासमोर उभे राहून आणि चहावर चहा पिऊन तिच्या छातीत जळजळ होई, तोंडाला कडू पाणी सुटे. मेघना तोवर दादरला चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली होती. तिने पहिल्याच महिन्यात आईसाठी औषधाच्या दुकानातून पित्ताची बाटली आणली. दाट, गुलाबी, बडीशेपेच्या वासाची. शेवंतीने ते माझ्यात ओतले, गोळी जिभेवर ठेवली, आणि त्याच घोटाबरोबर ती गिळली. उमासा आला नाही. तिला फार बरे वाटले. दुसऱ्या दिवसापासून तीच रीत पडली.

दीड वर्षाने रक्ताचा अहवाल बिघडला. जागा झालेला विषाणू आता हजारांत मोजता येत होता.

सरकारी केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी तिला समोर बसवून विचारले, की गोळ्या चुकतात का, दुसरे कुठले औषध घेता का. शेवंती दोन्हीला नाही म्हणाली. तीन महिने नीट घ्या, मग पुन्हा तपासू, असे त्यांनी समजावले. ते ‘नीट’ तिच्या मनात खिळ्यासारखे रुतले. घरी येऊन तिने सांगितले, तेव्हा मेघना बराच वेळ चपला न काढता दारातच उभी होती.

“आई, खरं सांग. मी चिडणार नाही. टाकून देतेस ना गोळी?”

“अगं, मी कशाला टाकीन?”

“कंटाळा येतो माणसाला. चौदा वर्षं झाली. मला समजतं ते.”

“तुझी शपथ, मेघू.”

“शपथ नको. रिपोर्ट बघ ना, रिपोर्ट काय खोटं बोलतोय?”

मित्रांनो, त्या क्षणी मी त्या दोघींच्या मध्ये, अगदी हाताच्या अंतरावर होतो. पाचशेहून अधिक सकाळी ती गोळी माझ्या काठावरून आत गेलेली मी पाहिली होती. मी साक्षीदार होतो आणि भांडे होतो. भांड्याला फक्त आवाज असतो, आणि तोही पडल्यावर.

दुसऱ्या दिवसापासून मेघनाने आईची सकाळ आपल्या हाती घेतली. ती स्वतः मला विसळी, गुलाबी औषध ओती, त्यात गोळी सोडी, आणि आईने तोंड उघडून दाखवेपर्यंत समोरून हलत नसे. मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल खूण. शेवंती मुकाट्याने तोंड उघडी. पन्नाशीला आलेली ती बाई पोटच्या मुलीला रिकामी जीभ दाखवी आणि पिशवी उचलून कामाला जाई. एकदा, मेघना खाली पाण्याला गेली असताना, तिने मला पदराने पुसले आणि म्हणाली, “तू तरी बघतोस ना रे?”

तीन महिन्यांच्या नव्वद लाल खुणा झाल्या. अहवाल आला. आकडा दुप्पट झाला होता. मेघनाने तो वाचून दिनदर्शिका खिळ्यावरून काढली आणि उलटी करून ठेवली. त्यानंतर मायलेकी एकमेकींशी फक्त कामापुरते बोलत.

पुढचे फार वेगाने झाले. शेवंतीचे डोके दुखू लागले. ती एकाच कणकेत दोनदा मीठ घालू लागली. परळच्या पोळी-भाजी केंद्रात तिला जिन्याची वाट सापडेना, तेव्हा बायकांनी तिला टॅक्सीत घालून घरी आणले. रुग्णालयात कळले, की अंगात वर्षानुवर्षे निजलेला क्षय, तिची ताकद ढासळताच, उठून मेंदूत शिरला आहे.

ती तिथे असतानाच सरकारी केंद्रातून प्रिती नावाची कार्यकर्ती घरी आली. बारीक चणीची, बोलण्यात घाई नसलेली. मेघनाने दारातच सांगून टाकले, की आई लपवाछपवी करते, तिला काय वाटेल ते विचारा. प्रितीने काही विचारले नाही. ती खाली सतरंजीवर बसली.

“मला काही सांगू नका. रोज सकाळी जसं करता, तसं आत्ता करून दाखवा.”

मेघनाने रव्याचा डबा उघडला. मला विसळले. गुलाबी औषध ओतले आणि गोळी हातात घेतली.

“थांबा. हे काय आहे?”

“हे? पित्ताचं. औषध नाही ते, असंच.”

“किती दिवस देताय?”

“दोन वर्षं होतील. का? ताई, का?”

प्रितीने मला हातात घेतले आणि आत वाकून पाहिले. मग हलक्या आवाजात तिने सांगितले. या गुलाबी औषधात जे क्षार असतात, ते पोटात या गोळीला धरून ठेवतात. ती रक्तात पुरेशी उतरतच नाही. गोळी आधी घ्यायची, आणि हे किमान दोन तासांनी. शेवंतीताई रोज गोळी घेत होत्या आणि ती रोज वाया जात होती. आता विषाणूने या गोळ्यांना दाद न देण्याची सवय लावून घेतली आहे का, ते वेगळ्या तपासणीतून कळेल.

“म्हणजे आई खरं बोलत होती,” मेघना म्हणाली. आणि मग, “ओतत मी होते.”

मीही तेच म्हणालो असतो. ज्या पोटावर मी शेवंतीचे नाव वागवले, त्याच पोटात मी तिचे औषध निकामी केले.

मेघनाने मला साबणाने तीनदा घासले, पिशवीत घातले आणि रुग्णालयात नेले. खाटेवर शेवंती इतकीशी झाली होती. मेघना तिच्या कानाशी वाकून पुन्हा पुन्हा सांगत राहिली, की आई, चूक माझी होती, तू एकदाही खोटं बोलली नाहीस. शेवंतीने डोळे उघडले. मुलीकडे पाहिले आणि ओळखले नाही. तिने अंगावरची चादर सावरली, कोणा मोठ्या माणसासमोर सावरावी तशी.

“मॅडम, मी रोज घेते हो. माझ्या मुलीला पण सांगा जरा. तिला खरं वाटत नाही.”

मेघनाचा हात माझ्यावर घट्ट आवळला.

“हो शेवंतीताई. मी सांगते तिला.”

शेवंतीने मान हलवली आणि माझ्यातले दोन घोट पाणी प्यायली. नुसते पाणी. ती घरी येईल की नाही, हे अजून कोणी सांगत नाही. तपासणीचा निकालही आलेला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी रोज गोळी घेत असेल, तर तिच्यासोबत आणखी काय काय पोटात जाते ते पाहा. जे तुम्ही औषध मानत नाही तेही डॉक्टरांना सांगा. आणि एखादे माणूस शपथेवर काही सांगत असेल आणि कागद दुसरेच म्हणत असेल, तर त्या माणसाला खोटे ठरवण्याआधी त्याच्या शेजारी बसा. त्याची एक सकाळ पाहा. एवढे सांगायला मला आज शब्द मिळाले. तिला हवे होते तेव्हा मिळाले नाहीत.