खंडू तांडेलाचा नारळ

खंडू तांडेल अर्धांगाने आडवा पडला तेव्हा मिरकरवाड्यातली माणसं हळहळली, की दर्याला न भ्यालेला गडी अखेर खाटेला सापडला. उजवं अंग लुळं पडलं, जीभ तेवढी तरली, आणि तरली ती आधीपेक्षा तिखट होऊन. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसा हा. बायको गुणवंतीने पेज भरवली की मीठ कमी म्हणून तोंड फिरवायचा.

लेक सोहम शोभेच्या माशांच्या टाक्या बसवून द्यायचं काम करी. खिडकीतून बंदर दिसत नाही म्हणून बाप झुरतोय हे बघून त्याने खाटेसमोरच खाऱ्या पाण्याची मोठी टाकी मांडली. आत खडक, मऊ प्रवाळं, एक समुद्रफूल आणि त्या फुलात घर करून राहणारी नारिंगी माशांची जोडी. वर आधी साधे एलईडी दिवे होते. खंडूने एकदा बघितलं आणि म्हणाला, "ह्यो उजेड मेलेला हाय. दर्याच्या तळाला ऊन नाचतं." मग सोहमने कुठूनसा जुना मेटल हॅलाइड दिवा आणून टांगला. तो पेटला आणि वाळूवर उन्हाच्या रेघा खरोखर हलायला लागल्या. त्या दिवशी खंडू कुरकुर न करता जेवला.

पण दिवा म्हणजे नुसता जमदग्नी. सोहमने आईला बजावून ठेवलं होतं, "आये, ह्यो तव्यावानी तापतो. खालची काच बसवल्याबिगर लावायचा नाय. काच नसली तर उजेडातल्या किरणांनी प्रवाळं भाजतात, आपले डोळे पन. आनि तापलेल्या बल्बवर पानी उडालं, तर फुटलाच समज." काच पुसायची तर दिवा बंद करून पुरता निवू द्यायचा, हेही तिला पाठ होतं.

नारळी पौर्णिमेला सोहम सकाळीच पावसला एका हॉटेलात कामाला गेला. सणाचं म्हणून गुणवंतीने समई घासली, देव घासले, आणि मिठाने पांढुरकी झालेली दिव्याची काचही घासायला घेतली. सगळं लेकाने सांगितल्या रीतीनेच केलं. दिवा निवला होता, काच हलक्या हाताने सरकवली, धुतली आणि पडवीत वाळत ठेवली.

दुपारी बंदराकडे निघालेल्या मिरवणुकीची वाजंत्री रस्त्यावरून ऐकू आली. खंडूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. जन्मभर त्याने आपल्या होडीवरून नारळ दिला होता, गेल्या वर्षी मात्र इस्पितळात पडून होता. "यंदा पन राह्यला तर दर्या मना इसरल गो," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत नवऱ्याला रडताना तिने पाहिलं नव्हतं. तिचं काळीज तुटलं. "अवो, दर्या हितं घरात हाय नं? हितंच देऊ," ती म्हणाली, आणि लगबगीने टाकीवरचा दिवा लावून तयारीला लागली. नारळाला सोनेरी कागद लावला, टाकीला हळदकुंकू वाहिलं, निरांजन ओवाळलं, खंडूला उशांना टेकवून बसवलं आणि खाट टाकीजवळ ओढली. तोवर दिवा चांगलाच तापला होता. खंडूच्या डाव्या हातात नारळ देऊन ती हात धरून हळूच पाण्याशी नेत होती.

पण तांडेल काय नारळ अलगद ठेवतो होय! होडीच्या नाळेवरून, पुढच्या टोकाला उभं राहून टाकायचा त्याचा सराव. त्याने तिचा हात झटकला आणि होतं नव्हतं ते बळ एकवटून नारळ टाकला. पाणी उसळून थेट बल्बवर गेलं. मोठा आवाज झाला, काचांचा सडा पाण्यात पडला, खडक ढासळला आणि घरातली वीज गेली. खंडूला काही लागलं नाही. टाकीतले पंप मात्र थांबले, आणि ओल्या जमिनीवरून विजेच्या मुख्य बटणाला हात लावायची गुणवंतीची छाती झाली नाही. निरोप मिळून सोहम पावसहून येईपर्यंत नारिंगी जोडी उलटी तरंगत होती. समुद्रफूल खडकाखाली चेंगरलं होतं.

"घेतलान नाय गो," खंडू म्हणाला. "दर्यान माजा नारल घेतलान नाय."

"माजं चुकलं वो! ती काच पडवीतच राह्यली. दर्याचा काय संबंद?" ती ऊर बडवून सांगत होती. सोहमने पडवीतली काच आणून बापापुढे धरली, ही असती तर पाणी बल्बपर्यंत गेलंच नसतं, असं परोपरीने समजावलं. खंडूने सगळं ऐकून घेतलं. शिवी नाही, कुरकुर नाही. ती शिवीसुद्धा आज गुणवंतीला हवी होती.

"मना भिंतीकडे कर," एवढंच तो म्हणाला.

तिने काखेत हात घालून त्याला कुशीवर वळवलं. तो किती हलका झालाय हे तिला तेव्हा कळलं. मग त्याच्या पाठीशी बसून ती रडली, त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्याने रडली. तो तिच्याकडे वळला नाही. वळायचं मनात असतं, तरी तिनेच वळवावं लागलं असतं, आणि तसं त्याने सांगितलं नाही.