मालकाच्या हातचं पाणी

आमच्या विहिरीची रील मला माझ्या लेकीनं, शुभांगीनं दाखवली. त्यात एक पोरगी कानात सांगावं तसं सांगत होती, "नाशिकच्या या वॉटरपार्कमधली ही सीक्रेट केव्ह नव्व्याण्णव टक्के लोकांना माहीतच नाही!" धबधब्यामागे फायबरचा डोंगर, डोंगरात दार, दारामागे एसीची खोली, सोफे, आणि मधोमध जाड काचेखाली निळ्या दिव्यांत चमकणारी विहीर. मला हसूच आलं. त्या विहिरीवर अख्ख्या वस्तीनं गोधड्या धुतल्यात.

सासूबाईंना हसू आलं नाही. "काच घातलीय तिच्यावर?" एवढंच म्हणाल्या, आणि तेव्हापासून घरात कुणाला चैन पडेना.

शुभांगीचं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं होतं. या खेपेला दिवस राहिले तेव्हा माझ्या सासूबाईंनी, लंकाबाईंनी, विहिरीवरच्या साती आसरांना, पाण्यातल्या सात देवींना, कबूल केलं, की लेकरू सुखरूप होऊ दे, सव्वा महिन्याची बाळंतीण तुमच्याच काठावर ओटी भरायला आणते. विहीर पुजल्याशिवाय बाळंतिणीनं भरल्या हंड्याला हात लावायचा नाही, ही आमची रीत. रीत कुठल्याही विहिरीवर होते. नवस मात्र त्याच विहिरीला बोललेला, आणि ती तर झेंडू-शेवंतीच्या मळ्यासकट विकून सहा वर्षं झालेली. सासूबाई हे विसरल्या होत्या असं मी म्हणणार नाही. त्या ते मानतच नव्हत्या.

मुलगी झाली. सव्वा महिना सरला. रविवारी कळवणहून शुभांगीच्या सासरचे तिला न्यायला येणार होते. सासूबाईंची ओसरीवरून दारात आणि दारातून ओसरीवर फेरी चालू. बाळ शिंकलं की म्हणायच्या, "बघा, आठवण करून देतायत." शुभांगी बँकेत नोकरीला. असल्या गोष्टींवर ती एरवी आजीची थट्टा करायची. आता तीही घटकेघटकेला बाळाच्या नाकाशी बोट धरून बघायची, श्वास चालू आहे ना.

शेजारच्या लताबाईंचा भारत त्या पार्कात इलेक्ट्रिशियन आहे. तो म्हणाला, "काकू, शुक्रवारी पार्क उघडल्या उघडल्या या. केव्ह दुपारपर्यंत रिकामी असती. मी दार उघडून देतो. ओटी ठेवा, पाया पडा, निघा. माझं नाव कुठं येऊ देऊ नका म्हणजे झालं."

शुक्रवारी आम्ही चार पिढ्या तिकीट काढून आत गेलो. धबधब्याकडे जायला नायलॉनचा ड्रेस सक्तीचा.

"आजी, साडी अलाउड नाही," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"माझ्या विहिरीवर मी लुगडं सोडून जाऊ व्हय गं?"

शेवटी लुगड्यावरून नायलॉनचा टीशर्ट चढवून तडजोड झाली. त्यावर शार्क होता. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी, म्हणून नारळ, खण, तांब्या आणि हिरव्या बांगड्या शुभांगीनं बाळाच्या पिशवीत डायपरखाली दडवल्या होत्या. पकडला गेला तो दहीभात. "बाळाचा आहे," मी म्हणाले. गार्डनं सव्वा महिन्याच्या बाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि सोडलं.

भारतनं कार्ड लावलं आणि डोंगराला दार उघडलं. आत गारठा आणि कसलासा अत्तराचा वास. काचेच्या कडेला आसरांचे सातही दगड जागच्या जागी होते, शेंदरासकट. वरून पिवळा फोकस सोडलेला. डिझायनरला आवडले असणार.

शुभांगीनं हळद-कुंकू वाहिलं, ओटी ठेवली, बाळाचं डोकं टेकवलं. भारत दारातून घाई करत होता, "झालं ना? चला, चला."

"पाणी कुठंय?" सासूबाई म्हणाल्या.

ओटीनंतर विहिरीच्या मालकानं पहिलं पाणी शेंदून बाळंतिणीच्या तांब्यात ओतायचं आणि म्हणायचं, घे बाई, विहीर तुझीच आहे. त्याशिवाय पूजा पुरी होत नाही. मळा आमचा होता तोवर आसपासच्या कितीक बाळंतिणींना ते पाणी सासूबाईंनीच दिलं होतं.

"तुम्हीच म्हणून टाका की आजी," भारत म्हणाला. "विहीर तुमचीच."

सासूबाई काचेकडे बघत राहिल्या. खाली पाणी तेच होतं, फक्त निळं. "नाय," त्या म्हणाल्या. "इथवर येईस्तोवर मलाबी तसंच वाटत होतं. खोटं पाणी दिऊन लेकराचा नवस फेडू? मालकाला बोलव."

"आजी, माझी नोकरी जाईल!"

"आई, हळू बोला," मी म्हणाले. "आपण चोरून आलोय."

"म्हनून तर. चोरून ओटी भरत्यात व्हय? भारत, तू हो भायेर. तुझं नाव नाय घेत मी." आणि सोफ्यांमागच्या सरबताच्या काउंटरवरची घंटी त्यांनी दणादणा वाजवली.

धावत आला तो मॅनेजर. छातीवर पाटी, प्रफुल्ल. त्यानं आधी शार्क बघितला, मग नारळ. "हे काय चाललंय? इथे फक्त प्लॅटिनम मेंबर्सना—"

"तू मालक?"

"मी मॅनेजर."

"मंग मालक कोन?"

"मालक असा कोणी नसतो आजी. कंपनी आहे."

"किल्ली कुनाकडं असती?"

"माझ्याकडे."

"मंग तूच."

"हे बघा, मी सिक्युरिटीला बोलावतो."

तेव्हा शुभांगी बोलली. "दादा, माझं पहिलं बाळ गेलं. हे सगळं मला पटतं की नाही, मलाच माहीत नाही. पण हे अर्धवट टाकून गेले तर उद्या हिला साधा ताप आला तरी मला हेच आठवेल. एक तांब्या पाणी द्या."

प्रफुल्लनं वॉकीटॉकी तोंडाशी नेला, खाली घेतला, परत वर नेला. "केवढी आहे?" त्यानं विचारलं.

"सव्वा महिन्याची."

मग तो गुडघ्यावर बसला आणि काचेतलं साफसफाईचं छोटं झाकण त्यानं किल्लीनं उघडलं. शेवाळाचा ओला वास वर आला. बर्फाची बादली मिळाली, दोर मिळेना. दाराबाहेरून आवाज आला, "साहेब, माझ्याकडं वायर आहे." कुणाचा, ते प्रफुल्लनं विचारलं नाही.

बादली पाण्यावर नुसती तरंगायला लागली. "आडवी पाड, झटका दे, मंग बुडती," सासूबाई सांगत होत्या. वायरीला त्यांनी बोट लावलं नाही, पण त्यांचे दोन्ही हात पोटाशी आपोआप शेंदत होते. अर्धं पाणी प्रफुल्लच्या पँटवर गेलं, उरलेलं तांब्यात.

"आता म्हन, घे बाई, विहीर तुझीच हाय."

"घ्या ताई, विहीर तुमचीच आहे," प्रफुल्ल म्हणाला, आणि सवयीनं पुढे, "पुन्हा अवश्य भेट द्या."

शुभांगी हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. तिनं ओल्या बोटानं बाळाच्या टाळूला पाणी लावलं. बाळ बिनघोर झोपलं होतं.

"दर बाळंतिणीला द्यावं लागंल, पोरा," सासूबाई त्याला म्हणाल्या. "दारात आली की नाय म्हनायचं नाय."

"आजी, मी पगारी माणूस. उद्या बदली झाली तर?"

"मंग किल्लीबरूबर हेबी सांगून जायचं."

रिक्षात शुभांगी बसल्या बसल्या झोपली, तोंड उघडं टाकून. "झालं ना आई मनासारखं?" मी विचारलं.

"तिचं झालं." दिंडोरी रोडची धूळ आत येत होती. "मळ्याच्या कागदावर अंगठा दिला त्या दिवशी मला काईच वाटलं नव्हतं गं, उज्वला." थोड्या वेळानं म्हणाल्या, "त्यांनी विहीर राखलीय बाकी बरी."

त्यांचे हात मांडीवर ठरत नव्हते. पदराचं टोक पीळ, सोड, परत पीळ. मी शुभांगीच्या मांडीवरून बाळ अलगद उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.