जहाजातून स्वस्तात आलेली गाडी

मी एक जुनी, निळ्या रंगाची परदेशी गाडी आहे. मित्रांनो, तुम्ही मला रस्त्यात पाहिलं असेल तर नक्कीच दचकला असाल. माझं स्टिअरिंग इथल्या गाड्यांसारखं उजवीकडे नाही, डावीकडे आहे. त्यामुळे लोकांना दिसतं ते असं की उजवीकडे एक म्हातारी बाई सुईत दोरा ओवत बसली आहे आणि गाडी आपली चालली आहे.

माझा जन्म फार दूरच्या देशातला. तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात, म्हणून चालवणारा डावीकडे बसतो. माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. ते मला स्वतःच्या हाताने धूत, माझ्या अंगावर ओरखडा उठला तर त्यांना घास गोड लागत नसे. पण तिकडे गाड्या लवकर म्हाताऱ्या ठरतात. नवी गाडी दारात आली आणि मी वापरलेल्या गाड्यांच्या आवारात, काचेवर किमतीची चिठ्ठी चिकटवून उभी राहिले. तिथे मला धाकट्याने पाहिलं.

धाकटा म्हणजे ताईचा भाऊ. तो त्या देशात इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. ताई इकडे आईच्या सोबतीने दवाखान्यांसाठी चादरी, उशांचे अभ्रे आणि परिचारिकांचे कोट शिवायची. माल पोचवायला भाड्याचा टेम्पो होता, पण टेम्पोवाला आला तर आला. एकदा तो उगवलाच नाही आणि एका मोठ्या दवाखान्याचं काम ताईच्या हातून गेलं. तेव्हापासून धाकट्याच्या जिवाला चैन नव्हतं. माझी किंमत वाचून त्याचा चेहरा खुलला. इकडे तशी गाडी घ्यायची तर जवळजवळ दुप्पट पैसे पडले असते. त्याने बॉनेट उघडून पाहिलं, जमिनीवर आडवं होऊन माझं पोट पाहिलं, मला लांब फिरवून आणलं. सगळं उत्तम होतं. ताईला मात्र त्याने एका शब्दाने विचारलं नाही. तिला चकित करायचं होतं.

जहाजाच्या पोटातून मी बंदरावर उतरले. धाकट्याचा निरोप मिळताच ताई आणि आई मला न्यायला आल्या. बंदरावर माल सोडवून देणारे एजंट भले गृहस्थ होते. ते म्हणाले, “ताई, जकात तुमच्या पावतीवर लागत नाही. जकातीचे साहेब ठरवतील ती गाडीची किंमत, त्यात जहाजाचं भाडं मिळवायचं, त्यात विमा. मग त्या सगळ्यावर जकात.”

“भाड्यावरसुद्धा?”

“भाड्यावरसुद्धा. शिवाय गाडी इथे उभी आहे, त्या जागेचं भाडं रोज चढतंय, ते निराळं.”

ताईने नव्या शिलाई मशीनसाठी पै-पै करून पैसे साठवले होते, ते सगळे गेले. पुढे माझी नोंदणी झाली. माझे दिवे समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांवर पडत, म्हणून तेही बदलावे लागले. आई म्हणाली, “चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.”

पण मित्रांनो, ताईला लागलं ते हे नव्हे. पैसे भरून झाल्यावर तिने हात जोडले, माझं उजवीकडचं दार उघडलं, आत बसली आणि हात पुढे केले. समोर नुसता कप्पा होता. तिचे हात तसेच अधांतरी राहिले.

“आई, आपल्याकडे गाड्या कुठल्या बाजूने जातात, हेच विसरला गं तो.”

“विसरतोय कसला. लहानपणी चपला तरी कधी सरळ घातल्या त्याने?”

ताई हसली नाही. घरचा रस्ता ज्याच्या मनातून पुसला गेला, तो पुन्हा घरी येईल का, हा प्रश्न त्या क्षणी तिच्या मनात शिरला. ती माझ्याच आत बसली होती, मला तो कळला. पाठोपाठ धाकट्याचा फोन आला.

“ताई, कशी आहे गाडी?”

“छान आहे.”

“पैसे वाचले ना?”

“वाचले की.”

मी कामाला लागले. मागची सीट काढून तिथे गठ्ठे रचले. ताई डावीकडे बसायची, तिला पुढच्या वाहनापलीकडचं काही दिसत नसे. म्हणून आई उजवीकडे बसून सांगायची, “थांब. थांब. हं, आता ये.” सकाळचा जप झाल्याशिवाय आई पाण्याचा थेंब घेत नसे आणि जप झाला की वाटेत कोटांना बटणं लावत बसे. एकदा पोलिसाने आम्हाला थांबवलं आणि तो थेट आईच्या खिडकीशी आला.

“आजी, हात सोडून गाडी चालवताय? लायसन्स दाखवा.”

आई म्हणाली, “बटणं लावायलाही लायसन्स लागतं होय रे बाबा आता?”

त्याने वाकून पलीकडे ताईला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. दवाखान्यातली मंडळी मात्र माझं कौतुक करायची. चादरी वेळेवर येऊ लागल्या होत्या.

मग इंजिनला पेट्रोल पोचवणारा माझा पंप गेला. मिस्त्री म्हणाले, “याच्या मापाचा इथे मिळायचा नाही. तिकडूनच मागवा.” मागवायचा तर धाकट्याला सांगायला हवं आणि एक सांगितलं की सगळंच निघणार. ताई आज सांगते, उद्या सांगते करत राहिली. मी अंगणात जुन्या चादरींखाली पडून राहिले, टायर बसले, माझ्या टपावर मांजरीने संसार थाटला. भाड्याचा टेम्पो पुन्हा सुरू झाला. शेवटी आईनेच फोनवर सांगून टाकलं, तेही फक्त पंपाचं.

धाकट्याने पंप पाठवला नाही. तो स्वतः घेऊन आला. मिस्त्रींच्या मदतीने त्याने तो बसवला आणि म्हणाला, “बसा दोघी. चक्कर मारू.” ताई मागे गठ्ठ्यांच्या जागी बसली, आई नेहमीच्या जागी. फाटकाबाहेर पडताच त्याने मला सरळ उजव्या बाजूला घातलं. समोरून भाजीचा टेम्पो येऊन नाकाला नाक लावून थांबला.

टेम्पोवाला म्हणाला, “काय पाहुणे, रस्ता विकत घेतला का?”

“डावीकडे घे रे,” आई शांतपणे म्हणाली.

धाकट्याने मला कडेला नेऊन थांबवलं. त्याने हातातल्या स्टिअरिंगकडे पाहिलं, मग आईकडे, मग आईच्या खिडकीबाहेरून धावणाऱ्या गाड्यांकडे.

“ताई, तू इथे बसून चालवतेस? इथून पुढचं दिसतं तरी का?”

“आई सांगते.”

“मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगू? की तू आम्हाला विसरलास?”

त्याने माझं इंजिन बंद केलं. मग त्याने हळूच विचारलं, “पैसे तरी वाचले का?”

“इथलीच गाडी घेतली असती, तर मशीनही आलं असतं,” ताई म्हणाली. आणि तिने इतके महिने दाबून ठेवलेलं विचारून टाकलं, “तू परत येणार आहेस ना रे?”

“काम दीड वर्षाचं उरलंय. मग येतो.” त्याने डोळे पुसले. “तोवर मला रस्ता शिकव.”

त्याची सुट्टी माझ्या उजव्या सीटवर गेली. आई घरी आरामात बटणं लावू लागली. सुरुवातीला तो चुकायचा, भलत्याच बाजूला मान वळवायचा, आणि त्याने “ये” म्हटलं तरी ताई स्वतः वाकून पाहिल्याशिवाय मला पुढे काढत नसे. जायच्या आदल्या दिवशी आमच्यापुढे लाकडं भरलेला ट्रक होता. धाकटा म्हणाला, “थांब. थांब.” आणि मग, “आता ये, ताई.” ताईने वाकून पाहिलं नाही. तिने गिअर बदलला आणि मी ट्रकच्या पुढे निघाले.

मित्रांनो, दूरवरून आपल्या माणसासाठी काही घेताना त्याला आधी विचारा. दारात येईपर्यंत त्या वस्तूची किंमत काय होईल, याचाही हिशेब करा. आणि मिळालेली वस्तू अडचणीची असेल तर देणाऱ्याला प्रेमाने, पण खरं ते सांगा. आम्हा जुन्या गाड्यांचं मागणं थोडं आहे. आम्हाला नुसतं झाकून ठेवू नका. अधूनमधून काच पुसा, टायरमध्ये हवा भरा आणि शेजारी आपलं माणूस बसवून फिरवून आणा.