लॉरिमर नावाचा मान

लोक माझ्याकडे येतात ते वंशात एखादा सरदार सापडेल या आशेने. सापडतात बहुतेक मोलकरणी आणि बुडालेले कोळी. जुन्या जन्मनोंदी वाचून आडनावांचा माग काढणं हा माझा धंदा. आमच्या किनाऱ्यावर निम्म्या गावाचं आडनाव मेअर आणि उरलेल्याचं फ्लेट, त्यामुळे स्कॉटलंडच्या या कोपऱ्यात धंदा बरा चालतो.

डॉड मेअरला सरदार नको होता. ऐंशीच्या घरातला हा म्हातारा कोळी गरम बटरी रोलची पिशवी घेऊन आला आणि खुर्ची ओढून बसला.

"जेसी, पोरी, रविवारी माझ्या नातीच्या, कर्स्टीच्या बाळाचा बाप्तिस्मा आहे. नाव लॉरिमर. माझ्या पणजोबाची जन्मनोंद फ्रेम करून देईन म्हणतो."

"लॉरिमरच का?"

"अगं, आमच्यात थोरल्याच्या नावात ते असतंच! पाद्री लॉरिमरांनी पणजोबाला बाप्तिस्मा दिला, त्यांचा मान म्हणून. त्यांच्या थडग्याचा कठडा दरवर्षी कोण रंगवतं? मी. माझ्याआधी बाप रंगवायचा."

नोंद लगेच सापडली. अठराशे एकसष्ट. जॉर्ज लॉरिमर मेअर, खाली 'अनौरस'. आई बेथिया मेअर, पाद्र्यांच्या घरची मोलकरीण. बापाची जागा कोरी.

"ते ठाऊक आहे," डॉड म्हणाला. "लग्नाआधीच बुडाला असेल बिचारा."

नव्याने आलेला पाद्री पहिल्यांदा ज्या पोराला बाप्तिस्मा देई, त्याच्या नावात पाद्र्याचं आडनाव घालायची रीत होती खरी. पण लॉरिमर तोवर वीस वर्षं गावात मुरलेला होता. त्याने बाप्तिस्मा दिलेल्या शेकडो पोरांत हे नाव दुसऱ्या कुणालाच नव्हतं. दुसरीही एक रीत होती. बिनलग्नाचा बाप स्वतः येऊन सही करेल तरच त्याचं नाव लागायचं. तो आला नाही, की पोरी त्याचं आडनाव बाळाच्या नावात घालून ठेवायच्या.

"तोंड का पाडलंस?" डॉडने विचारलं.

फ्रेम करून देऊन गप्प बसता आलं असतं. पण त्या कठड्याचा विचार आला आणि माझं डोकं फिरलं. मी चर्चची जुनी वही काढली आणि सगळं सांगितलं. बेथिया सोळा वर्षांची होती. चर्चच्या पंचांपुढे तिने बाप कोण ते सांगितलं नाही, म्हणून तिला रविवारमागून रविवार साऱ्या गावासमोर बसवून फटकारलं. फटकारणारा लॉरिमरच. मग बाप्तिस्म्याच्या दिवशी नाव विचारायचं कामही त्याचंच, आणि पाणी शिंपडताना ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचंही त्याचंच.

डॉडने नोंद स्वतःकडे ओढून घेतली.

"तिची कबर कुठाय?"

"दगड नाही, डॉड. गरिबांना भिंतीकडेला पुरायचे. तिथेच कुठेतरी."

"आणि आम्ही त्याला रंग लावत बसलो." तो रडला. मला त्याच्याकडे बघवेना.

शनिवारी कर्स्टी बाळाला कडेवर घेऊन माझ्या दारात, मागे डॉड.

"आजोबा म्हणतात, नाव बदल. तुम्हीच सांगा यांना."

"त्या हरामखोराचं नाव माझ्या पणतवाला नको!" डॉड ओरडला.

"आजोबा, बेथियाने ते मानासाठी ठेवलंच नव्हतं. त्याच्या तोंडून वदवायला ठेवलं होतं. आता आपण ते काढलं, की तो सुटला!"

"आणि पोराने काय करायचं? जन्मभर ते ओझं वाहायचं?"

"तुम्ही वाहिलंतच ना? इतकंच, की ते काय आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. मी याला सांगेन."

डॉड निघून गेला. तो रविवारी येईल असं मला वाटलं नव्हतं.

आला. दाढी करून, काळा कोट घालून माझ्या शेजारी बसला. आमची पाद्रीबाई नवी, एडिनबराहून आलेली. तिने बाळाचं नाव विचारलं. कर्स्टीने लॉरिमर सांगितलं. बाईने बाळाच्या कपाळावर पाणी लावलं आणि हळुवारपणे ते नाव घेतलं.

डॉड बाक धरून उभा राहिला.

"पुन्हा म्हणा, बाई," तो म्हणाला. "मोठ्याने."

म्हाताऱ्याला ऐकू कमी येत असेल, असं वाटून बाई हसली, आणि तिने ते नाव शेवटच्या बाकापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने पुन्हा म्हटलं.